सोफ्यावरची मधली जागा

बाईंना ऐकू कमी येतं असं घरात ठरलं, तेव्हा बाई स्वयंपाकघरात डबे आवरत होत्या आणि ते ठरणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं. बैठकीच्या खोलीत मुलगा दबक्या आवाजात सुनेला म्हणत होता, "वय झालंय गं तिचं. कबूल करत नाही एवढंच." आता बंद दाराआडची कुजबुज जिला ऐकू येते तिला बहिरी म्हणायचं, म्हणजे कमाल झाली! पण बाईंच्या ते डोक्यातच आलं नाही. माणूस एकदा घाबरलं की समोरचा पुरावाही त्याला दिसत नाही. आणि बाई घाबरल्या होत्या, पंधरा दिवसांपासून चांगल्याच घाबरल्या होत्या.

त्यांचं घाबरणं साधं नव्हतं. बाई पंख्यांच्या कारखान्यात होत्या आणि त्यांचं काम होतं ऐकणं. जाड गाद्या ठोकलेल्या भिंतींची एक छोटी खोली, मधोमध छताचे पंखे टांगायचा उंच स्टँड, समोर एक खुर्ची. तयार झालेला प्रत्येक पंखा त्या स्टँडवर लागायचा, फिरायचा, आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. टिकटिक असेल तर पातं, घरघर असेल तर बेअरिंग, बारीक रडका सूर असेल तर आतली गुंडाळी. "पास" नाहीतर "परत", दोनच शब्द. सव्वीस वर्षांत बाईंनी पास केलेला पंखा आवाजाची तक्रार घेऊन परत आला नव्हता. कामगार त्यांना तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे कर्णपिशाच्च. हे पाठीमागचं नावही बाईंना ऐकू यायचंच, आणि मनातून त्यांना ते फार आवडायचं. कोणाला सांगितलं नाही इतकंच.

आणि अशा बाईंना घरातल्या टीव्हीवर कोण काय बोलतंय ते कळेना!

हा टीव्ही म्हणजे मुलाचा जीव की प्राण. मुलगा विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, पण लहानपणापासून हौस एकच, आपल्या घरात सिनेमागृह हवं. त्याने ते केलंसुद्धा. भिंतभर पडदा, पडद्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे उंच स्पीकर, कोपऱ्यात धडधड करणारा एक ठोकळा, सोफ्यामागे दोन छोटे स्पीकर, आणि या सगळ्यांचा कारभार बघणारा काळा अ‍ॅम्प्लिफायर. दुकानाचा माणूस जोडून द्यायला तयार होता, पण नाही. "त्याला काय कळतंय? मी बघतो," असं म्हणून साहेबांनी दोन सुट्ट्या खर्ची घातल्या. आता खरं ते बोलायला पाहिजे, चित्राच्या बाबतीत पोराने बाजी मारली होती. दुकानात टीव्ही जसा भडक, निळसर लावलेला असतो तो सगळा भडकपणा त्याने काढला, खिडकीला जाड पडदा लावला, चांगली केबल आणली. माणसाच्या गालाचा रंग माणसाच्या गालासारखा दिसायला लागला. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं होतं.

आणि आवाज? दार आपटलं की घर हादरायचं, गाडी डावीकडून उजवीकडे जायची ती खरंच जायची. फक्त माणसं बोलायला लागली की घशात कापूस कोंबल्यासारखी बोलायची. म्हणजे बाईंना तसं वाटायचं. सून उजवीकडच्या खुर्चीत, मुलगा डावीकडे रिमोट घेऊन, आणि बाईंना मान म्हणून सोफ्यावरची अगदी मधली जागा.

"थिएटरमध्ये या जागेसाठी मारामारी होते," मुलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इथे बसून ऐक आणि सांग."

"काय म्हणाला तो?" बाईंनी पाचच मिनिटांत विचारलं.

मुलाने आवाज वाढवला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा वाढवला. आठवड्याभरात ठोकळ्याच्या धडधडीने कपाटातली भांडी नाचायला लागली, पण माणसांचं बोलणं काही वर येईना. मग सून एकदा हळूच म्हणाली, "आई, कान एकदा दाखवून घेऊया का? नुसतं बघायला." सून दवाखान्यात नर्स होती, चांगल्या मनाची होती, म्हणून ते बाईंना जास्तच लागलं.

टीव्हीचं सोडा हो. टीव्ही नाही ऐकला तर कोणाचं अडलंय? पण कारखान्यात त्या प्रत्येक पंखा दोनदा ऐकायला लागल्या. पास म्हणून झालेला पंखाही पुन्हा मागवायच्या. जो आवाज आपल्याला ऐकूच आला नाही, तो ऐकू आला नाही हे आपल्याला कळणार कसं? या एका प्रश्नाने त्यांची झोप उडाली. बिघडलेला पंखा आपल्या कानाखालून निघून जावा आणि लोकांनी म्हणावं बाईंचं आता वय झालं, यापेक्षा आपणच उठावं. शुक्रवारी त्यांनी अर्ज लिहिला. "माझ्या कानांवर माझा भरवसा राहिलेला नाही. मला पॅकिंगला बदली द्यावी." सुपरवायझरने तो दोनदा वाचला.

"बाई, थट्टा करताय?"

"सव्वीस वर्षांत कधी केली होती?"

"सोमवारी वर पाठवतो," तो म्हणाला. बाई घरी आल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी मुलगा आणि सून बाजारात गेले होते. बाईंनी बातम्या लावल्या आणि सवयीने मधल्या जागेवर बसल्या. बातम्या देणारी बाई तोंड हलवत होती आणि शब्द कुठेतरी पडद्यामागे विरघळत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे पुसत त्या पाणी प्यायला उठल्या आणि सुनेच्या खुर्चीला वळसा घालून जाताना थबकल्या.

बातम्या देणारी बाई स्वच्छ बोलत होती.

बाई दोन पावलं मागे आल्या. आवाज गेला. पुन्हा खुर्चीपाशी गेल्या. आवाज आला. "अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. कान जातात ते माणसाबरोबर जातात, खुर्ची बदलली म्हणून परत येत नाहीत.

मग जी बाई उभी राहिली ती कर्णपिशाच्चच. डाव्या स्पीकरला कान लावला, चोख. उजव्याला लावला, तोही चोख. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, डाव्या स्पीकरची वायर मागून काढली, पुन्हा चालू करून मधल्या जागेवर बसल्या. एकच स्पीकर चालू, आणि प्रत्येक शब्द कळतोय! बंद करून वायर परत लावली, दोन्ही चालू, शब्द गायब. म्हणजे दोघंही गुणी, आणि एकत्र आले की एकमेकांचं तोंड दाबतात. असे नातेवाईक बाईंनी पाहिले होते, स्पीकर पहिल्यांदाच पाहत होत्या.

त्या डोळे मिटून बसल्या. कारखान्यात कधीकधी एखादा नवा कामगार मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करायचा. तो पंखा बिनतक्रार फिरायचा, आवाजही गोड, पण फिरायचा उलटा. खाली उभं राहिलं तर वाऱ्याची झुळूक नाही. बाई पहिल्या दिवसापासून असा पंखा खाली उभं राहून पकडायच्या.

त्या उठून डाव्या स्पीकरमागे वाकल्या, त्याची वायर कपाटामागे जाते ते पाहिलं, तेवढ्यात दार उघडलं. हातातल्या पिशव्यांसकट मुलगा ओरडला, "आई! मागे काय करतेयस? हात लावू नकोस त्याला!"

"तुझा डावा पंखा उलटा फिरतोय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बहिरा झालास का? तुझा डावा स्पीकर उलटा लागलाय."

सून फस्सकन हसली आणि लगेच गंभीर झाली. मुलगा काही हसला नाही. "आई, स्पीकर फिरत नसतो गं. आणि मी लालला लाल, काळ्याला काळी लावलीय. एकेक वायर तपासलीय मी."

"फिरत नाही, पण ढकलतो ना? एक पुढे ढकलतोय तेव्हाच दुसरा मागे ओढतोय. मग मधे बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडणार? शून्य! कडेला बसलं की एकच जवळ, म्हणून तुम्हाला ऐकू येतं. कपाटामागे काय केलंयस?"

मुलाने मान वळवून कपाटाकडे पाहिलं. कपाटामागे वायर हातभर कमी पडली होती. घरात होता तो राखाडी वायरीचा तुकडा त्याने जोडला होता, दोन्ही तारा एकाच रंगाच्या. कुठली कुठे गेली ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण असं सहजासहजी हार मानेल तर तो बाईंचा मुलगा कसला! "तसं काही नसतं," तो पुटपुटला.

"नसेल तर नसेल. बंद कर, डाव्या स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल कर, आणि तू बस इथे मधे. आजवर एकदा तरी बसलायस का?"

नव्हता बसला. कारभारी नेहमी रिमोट घेऊन कडेला. त्याने कुरकुरत वायरी फिरवल्या, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि मधल्या जागेवर टेकला. बातम्या देणारी बाई पडद्याच्या अगदी मधोमध, थेट ओठांतून आवाज यावा तशी बोलायला लागली. स्पीकर दोन कडांना आहेत हे खोटं वाटावं असं. मुलाने आवाज कमी केला. आणखी कमी केला. तरी शब्दन् शब्द कळत होता. सुनेने तोंडावर हात ठेवला.

"कळलं का कोण बहिरं ते?" बाई म्हणाल्या. त्यांची मान अशी ताठ झाली होती, की काही विचारू नका! सव्वीस वर्षांचा सगळा तोरा एका क्षणात चेहऱ्यावर परत आला. आणि दुसऱ्या क्षणी त्या मटकन खाली बसल्या. "अरे, पण मी अर्ज दिला."

"कसला अर्ज?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, दोनदा ऐकलेले पंखे, उडालेली झोप, पॅकिंग. मुलाच्या तोंडून "चुकलं माझं" हे शब्द कधी कोणी ऐकले नव्हते, ते त्या दिवशीही आले नाहीत. तो उठला आणि खिडकीचा जाड पडदा सारून बाहेर बघायला लागला. बाईंना वाटलं, रागावला.

सोमवारी सकाळी बाई चपला घालत होत्या तर तो तयार होऊन दारात उभा. "मी येतोय."

"कुठे? तुझी कचेरी?"

"उशिरा जाईन."

सुपरवायझरने फाईल काढली. अर्ज अजून वर गेला नव्हता, पण रजिस्टरमध्ये चढला होता. "मागे घेता येईल, बाई. पण मागे घेण्याचं कारण लिहावं लागतं, आणि ते फायलीत राहतं." त्याने कोरा कागद पुढे सरकवला. दारात दोन-तीन कामगार रेंगाळत होते, बाई चालल्या ही बातमी फुटलेलीच होती.

बाईंनी पेन उचललं आणि त्या थांबल्या. काय लिहायचं? पोराने चूक केली असं? चार माणसांत? तो एवढा मोठा साहेब, त्याची अशी कागदोपत्री शोभा करायची? "घरगुती कारण" असं मोघम लिहून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात मुलाने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, खुर्ची ओढली आणि टेबलावर वाकून मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं. लिहिता लिहिता दारातल्यांना ऐकू जाईल असं वाचलंही, "माझ्या आईचे कान ठणठणीत आहेत. मी घरचा स्पीकर उलटा जोडला आणि दोष तिच्या कानांना दिला. चूक माझी." खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

दारातले कामगार बघतच राहिले. बाईंनी खोकल्याचं निमित्त करून पदर तोंडाला लावला. ज्या पोराने शाळेत शाई सांडल्याचंही कधी कबूल केलं नाही, तो हा. छाती अभिमानाने भरून येणं म्हणजे काय ते त्यांना त्या टेबलापाशी कळलं. कानांचा अभिमान त्यापुढे काहीच नव्हता.

सुपरवायझरने कागद वाचला, पुन्हा वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "बाई, असलं कारण या फायलीत आजवर आलेलं नाही. साधं दुसरं काही लिहून देता का? हा फाडून टाकतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "नीट लावून ठेवा तो. माझ्या मुलाचं अक्षर आहे."