निळ्या पट्ट्यावरची चीर

मित्रांनो, मी एक जुना, निळा रबरी पट्टा आहे. व्यायाम करणारी माणसं मला दोन्ही हातांनी ओढतात आणि त्यांची पाठ, त्यांचे दंड भक्कम होतात. आत्ता मी एका बंद दाराच्या फटीत अडकवलेला आहे. वर्ग सुरू व्हायला थोडाच अवकाश आहे, म्हणून माझी कहाणी भरभर सांगतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी कसा तुकतुकीत होतो! मला एका व्यायामशाळेत नेलं. तिथे नव्यानेच शिकवायला लागलेली एक मुलगी होती आणि तिला तयार करणारे मोठे सर होते. सरांचा एक दंडक होता. कुणाच्याही हाती पट्टा देण्याआधी तो खिडकीशी न्यायचा, उजेडात धरायचा आणि बोट बोट सरकवत ताणून पाहायचा.

"रबर आधी सांगत नाही," ते म्हणायचे. "तुटतं ते एकदम, आणि येतं ते थेट तोंडावर."

मुलगी मला रोज तसं तपासायची. खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा यायचा. लोक "मला निळाच पट्टा द्या" म्हणून माझ्यासाठी भांडायचे, मी फुशारून गेलो होतो. मला कसली चीर पडतेय, असं वाटायचं. आता त्या बोटांची फार आठवण येते.

मग मुलीने नोकरी सोडली. घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावरून व्यायाम शिकवायचं तिने ठरवलं. सर एवढंच म्हणाले, "पडद्यावर माणूस अर्धाच दिसतो, पोरी."

"मग अर्ध्या माणसाकडून दुप्पट व्यायाम करून घेईन, सर!" ती हसत म्हणाली. आठवण म्हणून तिने मला मागून घेतलं.

तिच्या खोलीत मोबाइलचा स्टँड आला, गोल दिवा आला. चित्रात मागे काहीतरी छान दिसावं म्हणून मला खिडकीतल्या खिळ्यावर टांगलं. दिवसभर ऊन माझ्या अंगावर. ती कॅमेऱ्यासमोर बोलायची, बोललेलं पुसायची, पुन्हा बोलायची. विचारणा करणारे सगळे एकच विचारायचे, "आधी कुणाला शिकवलंय का असं?" आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. तिचा चेहरा उतरत गेला आणि इकडे मी वाळत गेलो. रबराला उन्हाचं वावडं असतं, मित्रांनो.

शेवटी दुसऱ्या गावाहून तिच्या मावशीचा फोन आला. मावशीचा जन्म कपडे शिवण्यात गेला, मशीनवर वाकून वाकून पाठीची कमान झालेली.

"मी होते की तुझी पहिली विद्यार्थिनी! आधी मला सरळ कर, मग जगाला कर."

मुलगी आनंदाने उडालीच. "मावशी, माझा लाडका पट्टा पाठवते तुला. हा फार लकी आहे!" फोन कान आणि खांद्यात धरूनच तिने मला खोक्यात कोंबलं. त्या दिवशी उजेडात धरायचं तेवढं राहिलं.

मावशीकडे मला दारात अडकवलं आणि शेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. मावशी मला छातीकडे ओढायची आणि पडद्यातून भाची कौतुक करायची. मावशीकडचं इंटरनेट कूर्मगतीचं. भाचीचे ओठ आधी हलायचे, आवाज मागाहून यायचा. मावशीने हात खाली घेतल्यावर "शाब्बास!" ऐकू यायचं आणि दोघी खिदळायच्या. मावशीची पाठ खरोखर सरळ होऊ लागली. मला पुन्हा माझा अभिमान वाटू लागला.

आणि मग दाराजवळच्या टोकाला मला चीर पडली.

मावशीच्या ती लगेच लक्षात आली. शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून काय सुटणार? तिने माझ्यावर बोट फिरवलं. "पोरीला सांगितलं तर वर्ग बंद करील," ती स्वतःशीच म्हणाली. "पहिल्या घासाला खडा नको." मग तिने डब्यातून अगदी माझ्याच निळ्या रंगाची चिकटपट्टी शोधली आणि चिरेवर इतकी बेमालूम बसवली की मलाही कौतुक वाटलं. जन्मभर तिने लोकांचं फाटलेलं असंच झाकलं होतं. पण कापड धरून ठेवणं वेगळं आणि ताणलेलं रबर वेगळं. चिकटपट्टीखाली चीर रोज थोडी पुढे सरकते आहे. हे फक्त मला ठाऊक आहे.

आज अनोळखी माणसं वर्ग बघायला आली आहेत. पडद्यावर त्यांची छोटी छोटी तोंडं दिसताहेत. त्यांना आवडलं तर ती भाचीकडे शिकायला येतील. व्यायाम करून दाखवणार मावशी. कॅमेऱ्यात काच चमकते म्हणून तिने चष्मासुद्धा काढून ठेवला आहे.

"मावशी, पट्टा ठीक आहे ना गं?" भाचीने विचारलं.

"एकदम झकास!" मावशीने लगेच सांगितलं.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातलं जे जे तुम्ही ताणता, लटकवता, ज्यावर भार टाकता, ते वापरण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. चीर दिसली तर झाकू नका. ज्याच्यावर माया आहे, त्याला तर आधी सांगा. मी ओरडू शकत नाही. मला माणसांसारखं बोलता आलं असतं तर मावशीला आधी सावध केलं असतं.

मावशीने मला ओढलं आहे. पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू. दाराशी चिकटपट्टीची कड सुटली आणि फडफडू लागली. पडद्यावर भाची पुढे झुकली. तिचं हसू मावळलं. तिचे ओठ हलले, "थांब!" मला अगदी स्पष्ट दिसलं.

आवाज अजून यायचा आहे.