चारशे दहा ग्रॅम

मी पार्सल ऑफिसात वजनाला बसते. एकोणीस वर्षं झाली. सामान नुसतं हातात घेतलं की आकडा माझ्या तोंडात येतो आणि काटा माझ्यामागून तोच बोलतो. चारशे दहा ग्रॅमला काय काय येतं, मला पाठ आहे. लहान पोराच्या चपलांचा जोड येतो, सेल काढलेलं भिंतीवरचं घड्याळ येतं, लोकरीचे चार गुंडे येतात. पण त्या आठवड्यात माझ्या पिशवीत जे चारशे दहा ग्रॅम येऊन बसत होतं, ते यातलं काहीच नव्हतं.

बेटावर जायचं सगळं माझ्या धाकट्या बहिणीने ठरवलेलं. ती केस कापायची. गिऱ्हाइकांच्या मानेमागे उभी राहून त्यांच्या सहली ऐकायची आणि घरी आल्यावर वहीत लिहायची. गर्दीचा मोसम संपला की जायचं, खोली निम्म्या भाड्यात मिळते. रोज दुपारी एक सर येते, ती झोपून काढायची. धक्क्यावर उतरलं की गाडीवाल्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, नारळीच्या सावलीसावलीने चालत सुटायचं, बावीस मिनिटं लागतात. समुद्रासमोरची खोली नको, मागच्या गल्लीतली घ्यायची. समुद्र काय, कानांनीही दिसतो. न गेलेल्या गावाच्या गल्ल्या तिला आमच्या गल्लीपेक्षा जास्त ठाऊक होत्या. विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं की सगळ्यांत मिळून एकच पिशवी नेता येते, सात किलोची, हेही तिनेच शोधलेलं. त्यावर तिने ओवीही जुळवली होती. कात्री चालवता चालवता म्हणायची:

एक झगा गं अंगाला, दुजा पिशवीच्या तळाला
तिसरा गं कशापायी, कोण बघतंय बेटाला

अकरा दिवसांच्या तापात गेली. तिची मुलगी माझ्याकडे राहिली, नऊ वर्षांची. तिचे वडील ती रांगत असतानाच निघून गेलेले. तिला आम्ही खार म्हणतो, कारण हाताला लागेल ते ती कुठेतरी दडवून ठेवते. उशीच्या अभ्र्यात बिस्किटं, बुटात रंगखडू.

धाकटी गेल्यावर मी घर आवरलं. आवरणं मला जमतं. तिचे कपडे देऊन टाकले, कात्र्या तिच्या मैत्रिणीला दिल्या, आरशाच्या कडेला अडकलेला तिचा एक केससुद्धा ओल्या फडक्याने पुसून घेतला. वहीत जिथे जिथे तिने ‘तिघी’ लिहिलं होतं, तिथे मी रेघ ओढून ‘दोघी’ केलं. चौदा महिने मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण मरायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, “ताई, माझ्या पोरीला समुद्र दाखव.” म्हणून तिकिटं काढली. बदलता न येणारी, पैसे परत न मिळणारी, कारण तीच परवडत होती.

“तिथे आईचं काही न्यायचं नाही,” मी खारीला बजावलं. “रडायचं नाही. पाच दिवस नुसतं हसायचं. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

मी पिशवी भरली. पाच दिवसांचा कोरडा खाऊ, चहाची पूड, साखर, पाणी तापवायची कांडी, दोघींचा एक एक झगा, एक एक टॉवेल, साबणाचा अर्धा तुकडा, औषधं. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर, मग पिशवीत. घरी माझ्याकडे ऑफिसातून मोडीत काढलेला ताणकाटा आहे, पण अजून खरं बोलतो. त्याच्या हुकाला पिशवी अडकवली. सात किलो. एक चमचा इकडे नाही, एक चमचा तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की मी खारीला बोलावून काटा दाखवला.

सकाळी दूध तापत ठेवलं आणि जाता जाता पिशवी उचलली. हात म्हणाला, जास्त आहे. अडकवली. सात किलो चारशे दहा.

सगळं बाहेर काढलं, एकेक वस्तू तोलली, बेरीज केली. सात किलो. परत भरली, सात किलो. दूध उतू गेलं ते वेगळंच. दुसऱ्या सकाळी पुन्हा सात चारशे दहा.

जास्त वजनाला जो दंड होता, त्यात आमच्या खोलीचे तीन दिवस गेले असते. उरलेल्या दोन दिवसांसाठी एवढं लांब कोण जातं? म्हणजे जाणंच राहिलं असतं. तुम्ही म्हणाल, मग थोडं सामान काढायचं की! पण का काढायचं? माझ्या वजनात चूक नव्हती. आणि खरं सांगायचं तर, काढलं असतं तर मान्य केल्यासारखं झालं असतं. काय मान्य केल्यासारखं, ते मी स्वतःलाही विचारत नव्हते.

त्याच दिवशी खोली पक्की करायला फोन केला. खोलीवाल्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“हो हो, मागच्या गल्लीतली. तिघींना पुरेल, काळजी नको.”

“दोघी,” मी म्हणाले. “मी आणि माझी भाची.”

“दोघी? अहो, परवा तुमच्याकडूनच फोन आलेला ना? तिघी येणार म्हणाल्या, खिडकीजवळची खाट राखून ठेवा म्हणाल्या. फार हसत होत्या बाई.”

“दुसऱ्या कुणाचा असेल.”

“असेल बापडा. आमच्याकडे काय, माणसं येतच असतात,” बाई म्हणाल्या. “खाटेचे वेगळे पैसे घेत नाही मी. असू द्या.”

फोन ठेवला तेव्हा कानाची पाळी गार पडली होती. मी स्वतःशीच म्हटलं, त्यांच्याकडे हजार लोक येतात, झाली गल्लत.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आता मला रागच आला, आणि राग काढायला घरात एकच माणूस होतं.

“खारे, इकडे ये. काय ठेवतेस पिशवीत?”

“काही नाही.”

“खोटं बोलू नकोस. आईचं काहीतरी दडवून ठेवलंयस. रात्री घालतेस आणि मी उघडायच्या आत काढून घेतेस. हो ना?”

“मी काही नाही ठेवलं, मावशी.”

“मग काय पिशवीला पोर झालं?”

एरवी अशा बोलण्यावर ती खुसखुसली असती. आता ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मग म्हणाली, “माझ्याकडे आईचं काहीच नाहीये. तू सगळं देऊन टाकलंस. मी ठेवणार कुठून?”

मी पिशवी उचलली आणि ऑफिसात घेऊन गेले.

आमच्याकडे शिक्केवाले काका आहेत. पार्सलला सुतळी बांधायची, गाठीवर लाख ओतायची, लाखेवर शिक्का मारायचा हे त्यांचं काम. त्यांच्या हातची गाठ सोडून पुन्हा तशीच बांधणारा अजून जन्मायचा आहे. मी त्यांच्या देखत सगळी पिशवी रिकामी करून भरली आणि मोठ्या काट्यावर ठेवली. सात किलो.

“ताई, बेटावर चाललात की बेट विकत घ्यायला? एवढी मोजामोज!”

“बांधा मुकाट्याने. आणि रात्रभर कुलुपाच्या खोलीत ठेवा. किल्ली तुमच्या खिशात.”

“वजनाला बसून बसून तुमचं डोकं हललंय,” ते म्हणाले. पण बांधली. आडवी-उभी सुतळी, मधोमध लाख, लाखेवर शिक्का.

सकाळी आम्ही दोघांनी मिळून कुलूप काढलं. सुतळी तशीच होती, लाखेला केसाएवढा तडा नव्हता. काकांनीच पिशवी उचलून काट्यावर ठेवली. आकडे पळाले आणि थांबले. सात किलो चारशे दहा.

काकांनी काट्यावर टिचकी मारली. पिशवी उतरवली, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा ठेवली. मग चष्मा काढून पुसत राहिले. त्यांना पुसायला एवढा वेळ कधी लागत नाही.

“ताई,” ते हळू म्हणाले, “तुमच्याबरोबर कोण कोण चाललंय?”

“मी आणि भाची.”

“बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी लाख फोडून दिली. पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी खालून धरली होती, झोपलेलं मूल देतात तशी.

मी अर्धी रजा टाकून घरी आले. भर दुपार होती. खार शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, पिशवी मध्ये ठेवली.

“तू ठेवलं नव्हतंस,” मी म्हणाले. “मी उगाच बोलले. चुकलं माझं.”

ती बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली.

“अजून जास्तच भरतंय?”

“हो.”

“किती?”

मी सांगितलं. तिने पिशवीवर हात ठेवला. दाबून बघितलं नाही, नुसता ठेवला. उन्हात पिशवीचं कापड तापलं होतं आणि तिथे, कापडातून, मला वास आला. धाकटी कामावरून यायची तेव्हा तिच्या बोटांना यायचा तो, ओल्या केसांचा आणि साबणाचा. मी चौदा महिने सगळं घर घासून काढलेलं. तो वास कुठे राहिला होता कोण जाणे.

“मावशी,” खार म्हणाली, “माझा झगा काढ ना. मी एकाच झग्यात राहीन. धुऊन धुऊन घालीन. मग ती बसेल.”

ती कोण, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एवढीशी पोर जागा करून द्यायला निघाली होती, आणि मी चार दिवस, चौदा महिने, काट्यावर एक हात दाबून धरून म्हणत होते की इथे दोघीच आहेत. भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पायरीवर बसून मी रडले. नाक वाहीपर्यंत रडले. खार आधी घाबरली, मग तिने माझ्या पदराने माझंच तोंड पुसलं आणि मग तीही रडायला लागली.

“तुझा झगा राहू दे,” जरा वेळाने मी म्हणाले. “तू वाळूत लोळणार, तुला लागेल.”

घरात जाऊन मी पिशवी उघडली. माझा झगा काढला, तो दोनशे चाळीस ग्रॅम. माझा टॉवेल काढला, तो एकशे सत्तर. तोलायची गरज नव्हती, तरी तोलले. पिशवी सहा किलो पाचशे नव्वद भरली. तिची चेन ओढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. वर, का कोण जाणे, थोपटल्यासारखं केलं.

“तू काय घालशील?” खारीने विचारलं.

“हेच, अंगावरचं. कोण बघतंय मला!”

सकाळी दोघी तयार झालो. विमानतळाची बस सव्वासातला होती. खारीने स्वतःच ताणकाटा खुंटीवरून काढला. मी पिशवी अडकवली आणि हात सोडला. काटा जरासा हलला, सातावर गेला आणि तिथे उभा राहिला. खार हसली नाही की तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने फक्त मान हलवली, कुणीतरी वेळेवर आल्यावर हलवतात तशी.

कुलूप लावून पिशवीचा एक बंद मी धरला, एक तिने. आम्ही जिना उतरू लागलो. ती माझ्या कमरेएवढी. पिशवी तिच्या बाजूला कलायला हवी होती, आतलं सगळं घरंगळून तिच्या अंगावर यायला हवं होतं. तीन मजले उतरलो. पिशवी आमच्यामध्ये सरळच राहिली.

“जड होतंय का गं?” मी विचारलं.

“नाही,” ती पुढे बघतच म्हणाली. “तू सोडलंस तरी चालेल.”

मी सोडलं नाही.