फावड्याचा पास

शर्यतीच्या धंद्यात पैसा येतो कुठून, हे वहिनींना लग्नानंतर पहिल्याच रविवारी कळलं: चहाच्या खिडकीतून. जातो कुठून, ते कळायला वीस वर्षंही पुरली नाहीत. मातीच्या त्या गोल ट्रॅकवर दर रविवारी पंधरा-वीस ठोकून सरळ केलेल्या गाड्या धुरळा उडवत फिरायच्या. जिंकणाऱ्याला बक्षीस, हरणाऱ्याला निदान पेट्रोलपुरतं काहीतरी. अँब्युलन्स नुसती उभी राहिली तरी तिचं भाडं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे विम्याचा हप्ता. तो येत्या दोन रविवारांच्या कमाईतून सोमवारी भरला नाही तर ट्रॅकला टाळं. शेजारचा गोदामवाला त्या टाळ्याचीच वाट बघत बसला होता.

एवढं सगळं असताना स्टँडमध्ये एक्केचाळीस माणसं फुकट बसायची!

ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. शनिवारी ट्रॅक उकरायचा, पाणी मारायचं, वळणं सारखी करायची. जो फावडं मारेल त्याला रविवारी तिकीट नाही. सासरे गेले, रीत मागे ठेवून गेले. वहिनींच्या मते ही मंडळी तासभर माती उकरत आणि तीन तास गप्पा छाटत, वर चहा ढोसत तो वेगळाच.

"एवढ्यांनी तिकीट काढलं ना, तर हप्ता हसत भरता येईल," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा शर्यतीच्या दिवशी माइकवर बोलायचा. एरवी हिशेबाचा विषय निघाला की त्याला नेमकी माइकची वायर तपासायची असे. "बघ बुवा, तुला काय योग्य वाटेल ते," म्हणत तो वायरीकडे गेला.

वहिनींनी पेंटर गाठला आणि गेटवर भलीमोठी पत्र्याची पाटी ठोकली: फुकट प्रवेश कोणालाही नाही. त्या रविवारी एक्केचाळीस जणांनी पाटी वाचली, खिशात हात घातला आणि निमूटपणे तिकिटं काढली. कोणी हुज्जत घातली नाही, टोमणा मारला नाही. तिथेच वहिनींना शंका यायला हवी होती. पण गल्ला भरलेला पाहून त्यांना कसली शंका येणार! बुधवारी तर त्यांनी शेडमधली सगळी फावडी भंगारवाल्याला वजनावर विकून टाकली. तोही त्या एक्केचाळिसांतलाच. त्याने एकेक फावडं हातात घेऊन पाहिलं, पैसे मोजले आणि गाडी भरून चालता झाला.

शनिवारी अर्थातच काळं कुत्रंही फिरकलं नाही. वहिनींनी टँकरवाला बोलावला होता. त्याने ट्रॅकभर सारखं पाणी मारलं, अगदी प्रामाणिकपणे. आता दुसरं वळण उताराला आहे, तिथे पाणी आपसूक उतरतं, म्हणून तिथे शनिवारी थेंबही मारायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? वहिनींनाच ते ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं एक्केचाळिसांतल्या म्हाताऱ्या वेल्डरला, सासऱ्यांच्या वेळेपासून.

रविवारी दोनला चाचणीची गाडी दुसऱ्या वळणावर गेली आणि निम्म्या चाकापर्यंत रुतली. तिला दोरानं ओढून काढली तेव्हा मागे डबकं उरलं. चारपर्यंत पहिली शर्यत सुटली नाही तर सगळ्यांचे पैसे परत, असा नियम तिकिटाच्या मागेच छापलेला होता. पैसे परत म्हणजे हप्ता गेला. हप्ता गेला म्हणजे ट्रॅक गेला.

आणि समोर, पहिल्या रांगेत, ते एक्केचाळीस जण मांडीवर तिकिटं ठेवून ओळीने बसले होते.

"बघत काय बसलात?" वहिनी कडाडल्या.

"तिकीट काढलंय, वहिनी," वेल्डर शांतपणे म्हणाला. "बघणारच की."

वहिनींना संताप आला. मग रडू आलं, आणि त्याचा आणखी संताप आला. चिखलात उभं राहून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं! आता हे कसं निस्तरायचं ते सांगा."

वेल्डर उठला. "चिखल काढून कोरडा मुरूम टाकावा लागेल. फावडी कुठायत?"

उत्तर भंगारवाल्याने दिलं, "माझ्या गाडीत. उतरवलीच नव्हती. म्हटलं, लागतील."

मग जे काही झालं ते वहिनींनी वीस वर्षांत कधी जवळून पाहिलं नव्हतं. कोणी हुकूम सोडत नव्हतं. एक जण उकरायचा, दुसरा ओढायचा, तिसरा मुरूम पसरून पायाने दाबायचा, आणि तोंडं मात्र अखंड चालू. वहिनींनीही पदर खोचला आणि एक फावडं उचललं. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले. चारला पाच मिनिटं कमी असताना गाड्या सुटल्या.

शर्यती संपल्यावर वेल्डर गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट खिडकीशी आला आणि त्याने एक्केचाळीस तिकिटं समोर ठेवली. "फावडं मारलं त्याला तिकीट नाही. आजचंच बोलतोय."

वहिनींनी दात-ओठ खात पैसे मोजून दिले. भंगारवाल्याचे फावड्यांचे पैसेही परत केले. मग उरलेले तीनदा मोजले. हप्त्याला एकशे नव्वद कमी. चारशे नाही, पाचशे नाही, एकशे नव्वद!

त्या उठल्या, गेटपाशी गेल्या, पक्कड लावून पाटी उपटली आणि भंगारवाल्यापुढे आपटली. "बोल, काय देतोस?"

त्याने पाटी हाताने तोलली, उलटी करून पाहिली आणि एकशे नव्वद मोजून ठेवले.

"अरे, एवढ्याचं वजन नाही तिच्यात," वहिनी म्हणाल्या.

"आठवडाभर फार जड गेली, वहिनी," तो म्हणाला आणि पाटी बगलेत मारून निघाला.

वहिनींनी नोटांना रबर लावलं. तेवढ्यात माइक खरखरला. नवरा म्हणत होता, "येत्या शनिवारी ट्रॅकचं काम आहे. चहा आमच्या हिच्याकडून!"

"फुकट?" वहिनी खिडकीतून ओरडल्या. मग फोडांवर फुंकर मारत त्यांनी चहाच्या पातेल्यांत सगळ्यात मोठं कोणतं ते पाहायला सुरुवात केली.