गाडी उतार उतरली

तपासणीची गाडी रोज सकाळी बागेच्या फाटकाशी उभी राहायची. तिथे सावली होती आणि माणसं आपसूक यायची. पांढरे बूट घालून फिरायला आलेली, गेल्याच आठवड्यात तपासून गेलेली.

"सिस्टर, ह्यांच्यापेक्षा माझं बीपी कमी यायला हवं हं," शेजारच्याकडे बोट दाखवत निवृत्त हेडमास्तर बाही वर करायचे.

देशाच्या आरोग्य योजनेचा हेतू स्पष्ट होता. खालच्या वस्तीतली माणसं वरच्यांहून लवकर मरतात, ते थांबवायचं. पण गाडीची कामगिरी मोजली जायची ती दंडाला किती वेळा पट्टा बांधला यावर. तोच दंड पुन्हा पुन्हा मोजला तरी आकडा वाढायचा. म्हणून सिस्टरची गाडी जिल्ह्यात पहिली होती.

उताराखालच्या धुलाईखान्यात सिस्टरची वहिनी इस्पितळांच्या चादरी उकळायची. हल्ली तिचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"तपासून घे म्हणून किती वेळा सांगू?" सिस्टर तिच्यावर चिडली.

"वन्सं, तुमची गाडी बागेत, मी कामावर. सुट्टी घेतली की मुकादम माझ्या जागी दुसरी उभी करतो. बागेत मी जाणार कधी? मेल्यावर?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरने ड्रायव्हरला गाडी खाली घ्यायला सांगितली. त्याला सगळे पैलवान म्हणत. फुंकर मारली तर उडेल असा होता.

"साहेबांनी बाग सांगितलीय."

"साहेबांचं मी बघते. तुम्ही ब्रेक सांभाळा, पैलवान."

धुलाईखान्याच्या दारात मुकादम आडवा आला. "काम बंद पाडायला आलात?"

"एकेक बाई बाहेर सोडा. नाहीतर मीच यंत्र घेऊन आत येते."

"वाफेनं बिघडेल ते."

"यंत्राची बरी काळजी वाटते तुम्हाला. बायका रोज त्याच वाफेत असतात."

मुकादमाने तोंड वाकडं केलं आणि दार सोडलं.

पहिली वहिनीच आली. सिस्टरने डाव्या दंडाला पट्टा बांधला, मग उजव्या. दोन्हीकडे आकडा सारखाच, भलताच चढलेला.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे. पैलवान गाडीने सोडतील, यंत्र इथेच राहू दे."

"घरी बोलू नका, तुमचे भाऊ घाबरतील."

"घाबरू दे. आणि मुकादम, हिच्या जागी दुसरी उभी केलीत तर मी रोज ह्या दारात बसेन."

साहेबांचा फोन आला तेव्हा दारापासून गल्लीपर्यंत ओल्या हातांच्या बायकांची रांग लागली होती.

"बागेत लोक खोळंबलेत. आकडा पडला तर गाडी काढून घेतील."

"घेऊ द्या, साहेब. बागेतून तर मीच काढलीय."

"वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"योजना वाचून दाखवा त्यांना. मी उद्याही इथेच आहे."

पैलवान वहिनीला दवाखान्यात पोचवून परतला, तोवर हेडमास्तर दोघा-तिघांना घेऊन उतारावरून खाली आले होते. "आमची गाडी पळवलीत तुम्ही."

"रांगेचं टोक तिकडे आहे, सर."

ते शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईने मान वळवून विचारलं, "तुम्हाला काय होतंय, आजोबा?"

"मला? काही नाही. गेल्या आठवड्यात उत्तमच होतं."

"मग इथे काय करताय?"

हेडमास्तरांनी वर केलेली बाही हळूच खाली घेतली.

"पुढची," सिस्टरने हाक दिली.