खिशावरचं नाव

गोळीवाले काका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी औषधांचं दुकान चालवलं. गल्लीतल्या यच्चयावत पोरांच्या घशाखाली त्यांच्याच हातची कडू गोळी उतरली, म्हणून पोरांनी ठेवलेलं ते नाव. पोरं मोठी झाली, त्यांनाही पोरं झाली, पण नाव तेच राहिलं. काकूही दुकानात बसायच्या. गोळी काका काढून द्यायचे आणि ती गिळायला लावायचं काम काकूंचं. "नाक दाब, डोळे मीट, आणि माझ्याकडे बघ," असं त्या म्हणायच्या. डोळे मिटल्यावर बघायचं कसं, या कोड्यात पोर पडायचं तोवर गोळी पोटात गेलेली असायची.

काकू गेल्या आणि काकांचं दुकानातलं लक्षच उडालं. त्यांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि ते वरच्या दोन खोल्यांत बसून राहू लागले. लांब नोकरीला असलेला मुलगा दर आठवड्याला फोनवर "इकडे या" म्हणायचा आणि काका "बघू" म्हणून टोलवायचे. त्यांच्या मनात एकच घोळत होतं, बायकोच्या नावाने काहीतरी करायचं. कुणी म्हणालं, बागेत बाकडं टाका. कुणी म्हणालं, दवाखान्याला पंखा द्या, पात्यावर नाव घाला. काका म्हणाले, "पंखा फिरायला लागला की नाव वाचणार कोण?"

मग एका सकाळी दाढी करता करता त्यांना आठवलं. काकूंची शाळा चौथीतच सुटली होती. गणवेश नाही म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं, आणि नंतर त्या गेल्याच नाहीत. हे काकू हसत हसत सांगायच्या, पण सांगून झालं की उगाचच भांडी आवरायला उठायच्या.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक शाळा होती. निम्मी मुलं दुकानदारांची, कारकुनांची. निम्मी नाल्यापलीकडच्या गोदामांतली. कुणाचा बाप हमाल, कुणाची आई भंगार निवडणारी. या निम्म्यांच्या अंगावर जे असेल ते असायचं. काका तोंड पुसून तसेच जिना उतरले आणि समोरच्या टेलरबाईंकडे गेले.

टेलरबाई म्हणजे गल्लीतल्या लेकीबाळींच्या कपड्यांची एकहाती मालकीण. टाचण्या ओठांत धरून बोलायची त्यांना सवय होती आणि तरीही शब्द स्पष्ट यायचे. नाल्यापलीकडच्या मुलांच्या गणवेशाचं कापड ठरलं, मापं ठरली. शेवटी काका म्हणाले, "आणि खिशावर हिचं नाव. लाल दोऱ्याने."

टेलरबाईंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "खिशावर? कॉलरच्या आतून लावू या का काका? छान बारीक लावते."

"आतून लावलं तर दिसणार कसं?"

टेलरबाई काहीतरी बोलणार होत्या. पण काकांनी कापडाचा एक तुकडा हातात घेतला होता आणि त्यावर बोटाने ते नाव गिरवत होते. त्यांचे डोळे भरून आलेले बघितले आणि बाईंनी टाचण्या परत ओठांत धरल्या.

शाळेने छोटासा कार्यक्रम केला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, काकांना पुढे बसवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. त्यानंतरच्या सकाळी काका चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहिले, आणि खालून निळ्या गणवेशांची झुंड निघाली. छातीवर लाल अक्षरं. काकूंचं नाव गल्लीतून धावत होतं, उड्या मारत होतं, डबक्यात पाय आपटत होतं. काकांना किती दिवसांनी चहा गोड लागला.

काही मुली चालताना खिशावर हात ठेवायच्या, काही वही छातीशी धरायच्या. काकांना वाटायचं, काय जपतात पोरी!

असेच दिवस चालले होते. एकदा दुपारी काका ब्रेड आणायला बाहेर पडले होते. शाळा नुकती सुटली होती. ते कोपऱ्यावर वळणार, एवढ्यात मागून खणखणीत आवाजात कुणीतरी हाक मारली, थेट काकूंच्या नावाने.

काकांचं काळीज लक्कन हललं. क्षणभर, अगदी क्षणभर त्यांना वाटलं, ही मागे राहिली वाटतं, कुणी हाक मारतंय तिला. ते वळले. चारपाच मुलं एका मुलीभोवती फेर धरून नाचत होती. "ए!" आणि मग काकूंचं नाव. "फुकटचा सदरा, फुकटची चड्डी!" पुन्हा तेच नाव, ताल धरून, टाळ्या देत. किराणावाल्याचा मुलगा सगळ्यांत पुढे. मुलीने भर उन्हात गणवेशावर जाड स्वेटर घातला होता आणि ती खाली मान घालून रस्ता शोधत होती. मग तिने एकदम मुसंडी मारली, फेर तोडला आणि पळत सुटली.

"काय रे!" काका ओरडले. मुलं पांगली. काका तिथेच उभे राहिले. ज्या नावाने त्यांनी उभ्या जन्मात कधी मोठ्या आवाजात हाक मारली नव्हती, ते नाव ती पोरं शिवीसारखं वापरत होती. ब्रेड आणायचा राहूनच गेला.

ते सरळ शाळेत गेले. मोठ्या बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. काकांनी विचारलं तशा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यापासून चाललंय काका. आम्ही मुलांना दटावतो, पण प्रत्येक गल्लीत कुठे पुरे पडणार? ज्याच्या खिशावर नाव तो फुकटा, एवढं त्यांना पक्कं कळलंय. दोन मुली तर यायच्याच बंद झाल्यात."

"मग मला बोलला का नाहीत?"

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "देणाऱ्याला कसं बोलायचं हो? तुम्हाला वाईट वाटलं असतं, आणि पुढच्या वर्षी दिलंच नसतं तर? दोन मुली नाही येत, पण बाकीच्या येतात ना, असा हिशेब मी मनाशी केला. खोटं कशाला सांगू."

काका घरी आले. मग उठून टेलरबाईंकडे गेले. मशीन चालू होतं, ते थांबलं. काकांचा चेहरा बघूनच बाईंना कळलं.

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं," काका म्हणाले.

"ठाऊक कसलं. शंका होती. पण तुम्ही त्या तुकड्यावर बोट फिरवत होतात, काका. माझी जीभच उचलली नाही."

"काढून टाका. सगळी काढून टाका."

टेलरबाईंनी मान हलवली. "नुसतं नाव उसवून भागायचं नाही. भोकं राहतील, आणि दोऱ्याखालचं कापड गडद राहिलंय. पुसलेलं नाव लिहिलेल्यापेक्षा जास्त दिसतं. अख्खा खिसा बदलावा लागेल. कापड आहे माझ्याकडे शिल्लक."

"तुम्ही शिवा. उसवायचं काम माझं."

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मुलं टेलरबाईंच्या दुकानात आली. कुणी बनियनवर, कुणी आईची ओढणी गुंडाळून, सदरे हातात घेऊन पायरीवर ओळीने बसली. दुकान एवढंसं, त्यात गोंगाट एवढा की मशीनचा आवाज ऐकू येईना. काका खाली सतरंजीवर बसले. बाईंनी त्यांना अर्धं ब्लेड दिलं आणि टाका कसा कापायचा, कापडाला चीर न देता दोरा कसा ओढायचा ते दाखवलं.

पहिला सदरा त्या स्वेटरवाल्या मुलीचा निघाला. शाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायची म्हणून नाहीच, धावायची. ती काकांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि टक लावून बघू लागली.

काकांनी ब्लेड पहिल्या टाक्याला लावलं आणि हात थांबला. आयुष्यभर ज्या हातांनी बारीकशी गोळी बरोबर मधोमध तोडली, ते हात हलेनात.

"मी करते काका," टेलरबाई हळूच म्हणाल्या.

"नको. मीच लावायला सांगितलं, मीच काढतो."

टाका तुटला. मग दुसरा. भिंगरीने विचारलं, "ह्या कोण होत्या?"

काकांनी मान वर केली. एवढ्या दिवसांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. टाळ्या वाजवताना नाही, फोटो काढताना नाही.

"माझी बायको."

"कशा होत्या?"

काय सांगावं? काका कार्यक्रमात बोलले होते ते सगळं आठवून बघू लागले. मायाळू, कष्टाळू, मनमिळाऊ. त्यातलं काहीच भिंगरीला सांगावंसं वाटेना. "पत्त्यांत चोरी करायची," ते म्हणाले.

पोरांचा गलका एकदम थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे पत्ता मांडीखाली लपवायची. पकडलं तर म्हणायची, पडला असेल. पालीला इतकी घाबरायची की पाल घरात आणि ही बाहेर, असं अर्धा दिवस चालायचं. गाताना सूर कधी लागायचा नाही, पण गायची मात्र रोज."

मुलं हसायला लागली. टेलरबाईंनीही टाचण्या काढून ठेवल्या. मग काकांनी तिची शाळा कशी सुटली तेही सांगितलं. वर्गाबाहेरच्या भिंतीपाशी उभी असलेली चौथीतली मुलगी. ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागली नाही.

भिंगरीने उसवलेला लाल दोरा बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "नाव काढलं म्हणून त्या रागावतील का?"

"छे गं!" काका म्हणाले. "नाव लावलं म्हणून मात्र मला झाडलं असतं. म्हणाली असती, पोरांच्या अंगावर दुकानाची पाटी ठोकलीत का?" आणि हे म्हणता म्हणता त्यांना हसू आलं आणि रडूही आलं. भिंगरीने स्वेटरची बाही पुढे केली. काकांनी खरंच त्या बाहीने डोळे पुसले.

संध्याकाळी तिची आई घ्यायला आली. गोदामात भंगार निवडून हात काळे झालेले, ते पदराखाली धरून ती दारातच उभी राहिली. तिला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाचता येत नाही, काका. मला वाटलं, शाळेचंच नाव असेल. ही उन्हातान्हात स्वेटर घालते म्हणून मी हिला चांगली बदडली." तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो केसांना लागू नये म्हणून लगेच काढून घेतला. भिंगरीने तो ओढून परत डोक्यावर ठेवला.

पुढच्या वर्षी काका मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "गणवेश शाळेनेच द्यायचा. सगळ्यांना. किराणावाल्याच्या मुलालासुद्धा. कुठून आला ते सांगायचं नाही." ते एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग काकांनी मुलाला फोन केला, भाच्याला धरलं, गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना गाठलं. "लहानपणी फुकट गोळ्या खाल्ल्यात, आता उलटी करा," असं ते म्हणायचे आणि लोक हसत हसत द्यायचे.

शनिवारची पायरी मात्र सुटली नाही. भिंगरी गणिताची वही घेऊन यायला लागली, तिच्यामागून आणखी दोघीतिघी. अपूर्णांक डोक्यात शिरेनात तेव्हा काकांनी गोळी तोडून दाखवली. अर्धी, पाव, पावाची अर्धी. "एवढीशी गोळी कोण देतं?" भिंगरी म्हणाली. "तुझ्यासारख्या चिलटाला," काका म्हणाले. बेरीज कधीकधी काकांचीच चुकायची आणि ती पकडण्यात पोरींना भलताच आनंद व्हायचा.

वर्षं सरली. भिंगरी त्या शाळेतून पास झाली. पुढची शाळा मोठी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी टेलरबाईंना सांगून ठेवलं, हिचा नवा गणवेश माझ्याकडून. पण त्याआधीच तिची आई दुकानात येऊन माप देऊन गेली होती. काका भेटल्यावर ती म्हणाली, "या खेपेला मीच शिवून घेतलाय, काका. रागावू नका."

काका म्हणाले, "बरं." पण मनात कुठेतरी खट्ट झालं. आपली गरज सरली, असं वाटून गेलं. ते जायला वळले तेवढ्यात तिने हाक मारली. "पण एक काम आहे. उद्या मोठ्या शाळेत नाव घालायला जायचंय. तिथल्या लोकांपुढे माझं तोंड उघडत नाही. तुम्ही याल?"

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, नीट दाढी करून हजर. मोठ्या शाळेच्या कचेरीत पंखा कुरकुरत होता. कारकुनाने चष्म्यावरून तिघांकडे बघितलं आणि काकांना विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

देणगीदार म्हणावं? शेजारी? काकांनी घसा खाकरला. पण जिचं तोंड उघडत नव्हतं तीच पुढे झाली आणि ठणकावून म्हणाली, "आमच्या घरचे आहेत."

"बसा मग," कारकून म्हणाला.

तिघं बाकावर बसली. भिंगरी मधे. तिने नव्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक चुरगळलेलं चॉकलेट बाहेर काढलं, त्याचे दातांनी तीन तुकडे केले आणि सगळ्यांत मोठा काकांच्या हातावर ठेवला.

"हा काही तिसरा भाग नव्हे," काका म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली. "खा गुपचूप."