भावोजींचा ताळेबंद

हिशेबाच्या पहिल्या वर्गाला मी दरवर्षी एकच वाक्य फळ्यावर लिहून देते: मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल. धंद्याजवळ जे काही असतं ते एकतर दुसऱ्याकडून उसनं आणलेलं असतं, नाहीतर मालकाने स्वतः घातलेलं. तिसरीकडून काही येत नाही. एवढं सरळ वाक्य, पण मुलं ते घोकतात आणि परीक्षेत उलटं लिहून येतात. ताळा जुळला नाही की फरकाची रक्कम ‘किरकोळ’मध्ये ढकलतात आणि वर पेपर सोपा होता म्हणून सांगतात. मला त्यांची कधी कीव आली नाही. पण ही मुलं बरी, असं म्हणायची वेळ ताईच्या नवऱ्याने माझ्यावर आणली.

भावोजींचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. म्हणजे काउंटरवर ताई बसते, मशीन आणि इस्त्री दोन कामगार सांभाळतात आणि भावोजी बिझनेस बघतात. बिझनेस बघायचा म्हणजे समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून दुसऱ्या शाखेच्या गप्पा हाणायच्या. बाबा गेल्यावर त्यांच्या विम्याचे नऊ लाख आईने या गृहस्थाच्या हातावर ठेवले होते. त्यानंतर आईजवळ तिच्या म्हातारपणाची म्हणून एक मुदत ठेव तेवढी उरली. आता दुसऱ्या शाखेसाठी भावोजींचा डोळा त्या ठेवीवर होता. ठेव मोडायचा फॉर्म त्यांनी भरूनसुद्धा आणला होता, फक्त सही बाकी होती.

जावयापुढे आईची जीभ रेटत नाही. पण या वेळी तिने कशी कोण जाणे, एक अट घातली. दुकानाचा हिशेब हिला दाखवा, ही बरोबर म्हणाली तर सही करते, असं ती म्हणाली. मी लगेच सांगून टाकलं की हिशेब मी मांडून देणार नाही, त्यांचा त्यांनी मांडायचा, हवं तर कसा मांडायचा ते शिकवते. भावोजी गालातल्या गालात हसले. धंदा आम्ही करायचा आणि तुम्ही नुसता शिकवायचा, असं काहीतरी बोलले. मी मनात म्हटलं, या आता वर्गात.

पहिल्या संध्याकाळी ते माझ्या रिकाम्या वर्गात पुढच्या बाकावर येऊन बसले. अंगात झकास राखाडी कोट होता. दुकानात काय काय आहे त्याची यादी करा म्हटलं, तर पठ्ठ्याने मशीन, इस्त्रीची टेबलं, डिलिव्हरीची गाडी लिहिली आणि खाली लिहिलं: कोट, साड्या, ब्लँकेटं, अंदाजे दोन लाख.

मी विचारलं, हे कुणाचे?

“दुकानात लटकलेत म्हणजे दुकानाचेच की.”

गिऱ्हाइकं ते परत घेऊन जातात, हे मी एका पन्नाशीच्या ड्रायक्लीनरला समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की काही जण न्यायला येतच नाहीत. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कॉलरकडे गेलं. आतल्या बाजूला गिऱ्हाइकाच्या नंबराची कागदी चिठ्ठी अजून टाचलेली होती. अशा माणसाशी बोलून आपलंच तोंड खराब होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडवल मालमत्तेत घातलं. त्यांचं म्हणणं, भांडवल म्हणजे माझा पैसा, तो माझ्याजवळच आहे, मग तो समीकरणात डावीकडेच येणार. मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुकान वेगळं आणि तुम्ही वेगळे. दुकानाने मशीन घेतलं, ते डावीकडे. मग विचारायचं, ते कुणाच्या पैशाने घेतलं? बँकेच्या, तर उजवीकडे देणी. तुमच्या, तर उजवीकडे भांडवल. भांडवल म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे, मालकाचा दुकानावर किती हक्क आहे त्याचा तो आकडा.

“म्हणजे दुकान माझं देणं लागतं?”

तसं समजा, मी म्हटलं. हे मात्र त्यांना मनापासून आवडलं. सगळं जग आपलं काहीतरी देणं लागतं, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

रविवारी ते आईकडे ताळेबंद घेऊन आले. ताई आली नव्हती, दुकान उघडं होतं ना. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी कागद असा काढला की जणू प्रमाणपत्रच. मालमत्ता चौदा लाख. बँकेचं कर्ज सहा लाख. भांडवल आठ लाख. दोन्ही बाजूंना चौदाचा आकडा ठळक करून खाली दोन रेघा मारलेल्या.

“जुळलं, आई. पैशाचाही फरक नाही,” ते म्हणाले.

आईच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं. तिने चष्मा पुसला आणि पेन हातात घेतलं. मी म्हटलं, थांब, जुळणारच ते. बुडालेल्या दुकानाचंही जुळतं. जुळलं याचा अर्थ बेरीज बरोबर आहे, दुकान बरं चाललंय असा नाही. भावोजी तोंडभर हसून आईला म्हणाले की मास्तरीणबाईंना चूक सापडत नाही म्हणून राग येतोय.

मग मी त्यांना विचारलं की बाबांच्या विम्याचे नऊ लाख यात कुठे आहेत.

“भांडवलात. ते काय परक्याचे आहेत? घरचेच.”

“घर कुठे लिहायचं ते मी शिकवलेलं नाही. आईने घातलेत म्हणून भांडवलात लिहायचे, तर आई मालक. नऊतले उरलेले हे आठ लाख तिचे आणि दुकान तिचं. तिच्याकडून उसने घेतलेत, तर ते देणीत. कुठेही लिहा, ताळा जुळेल. पण एकच जागा निवडा.”

भावोजींनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडेच बघत होती. सासू मालक झाली तर कॉफीच्या दुकानात कुठल्या तोंडाने बसायचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात माझ्या समीकरणापेक्षा जलद झाला असावा.

“देणीत. देणीतच लिहू, उसनेच होते ते,” ते घाईघाईने म्हणाले.

त्यांनी कागद उलटा केला आणि पुन्हा मांडायला घेतलं. मालमत्ता चौदा. बँक सहा, आई नऊ, देणी पंधरा. भांडवलाच्या जागी पेन अडलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बरोबर वजाबाकी केली आणि लिहिलं: उणे एक लाख.

“उणे म्हणजे?” आईने विचारलं.

उत्तर मी मुद्दाम त्यांनाच देऊ दिलं. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

“म्हणजे,” भावोजी कागदाकडे बघत म्हणाले, “दुकानात माझं काही नाही. वर लाखभर दुसऱ्यांचंच गेलंय.”

आईने पेनाला टोपण लावलं. फॉर्मची घडी घातली आणि ती चष्म्याच्या डबीखाली सरकवली.

“मग दुसरं दुकान कशाला? आधी पहिलं तरी तुमचं होऊ द्या,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून काउंटरवर तुम्ही बसा. माझ्या मुलीला आठ दिवस इकडे पाठवा, तुम्ही तिचं काय काय देणं लागता ते मी तिच्याच तोंडून ऐकते.”