होडी वाळली का

धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाची धावपळ उरकून दोघा भावांनी आपली सामाईक होडी शेडमध्ये ओढून उपडी घातली, तेव्हा दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं. दरवर्षी जुना थर खरवडायचा, लाकूड वाळवायचं, मग जवसाच्या तेलाचे तीन हात द्यायचे. तीस वर्षं हेच.

या खेपेला धाकटा दोन डबे घेऊन आला. दोन्हींतलं एकत्र करून लावायचं, काचेसारखं टणक बसतं, पाच वर्षं होडीकडे बघायला नको, असं दुकानदाराने सांगितलं होतं. थोरल्याच्या गुडघ्यांना ते लगेच पटलं. पण अशा लेपाखाली ओल राहिली तर ती कोंडून बसते. फळी वरून चकचकीत आणि आतून भुसा. तेल तेवढं कडक नसतं, थोडं चुकलं तरी सांभाळून घेतं.

"दादा, वाळली का तेवढं सांग," धाकटा म्हणाला. ते कायम थोरल्यानेच सांगायचं. किनाऱ्यावर त्याच्या तळव्याचा शब्द शेवटचा.

थोरल्याने तळाच्या फळीवर हात ठेवला. काहीच कळलं नाही. घट्टे पडून पडून तळव्याचा नुसता पाट झाला होता. तेल होतं तोवर खपून गेलं.

"वाळली," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

धाकट्याने डबे उघडले. एकदा मिसळलं की तासाभरात लावावंच लागतं. तेवढ्यात थोरल्याची बायको चहा घेऊन आली. पेले खाली ठेवून ती वाकली आणि दोरीवरचे कपडे वाळलेत का बघावं, तसा तिने फळीला गाल लावला. मग दिराकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

धाकटा ओतायला वाकला.

"थांब," थोरला म्हणाला. "मला हाताला कळत नाही आता. दोन वर्षं झाली."

"मग मघाशी?"

"दमलो होतो रे."

झाकणं बसवायला धाकट्याने फार वेळ लावला. मग म्हणाला, "वहिनी, आजपासून कारागीर तुम्ही. चहा आणायला दादाला लावा."

पंधरा दिवसांनीही तिने मानेनेच नाही म्हटलं. विसाव्या दिवशी हो म्हणाली, तोवर धाकट्याने डबे माळ्यावर टाकले होते. तेलच बरं, म्हणाला, या वर्षी चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारता येतं.

पुढची चार वर्षं तेलच लागलं. थोरला शेजारी बसून खरवडायचा आणि खरवडता खरवडता डुलकी काढायचा. वाळली का, हे वहिनी सांगायची.

पाचव्या वर्षी, होडी वाळायला उपडी घातली त्याच्या नवव्या दिवशी, थोरला वारला. तेराव्यानंतर वहिनीने फळीला गाल लावला, पण गालच ओला; वाळली का, ते तिला सांगता येईना.